पावसाळी बादली: एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी शाळेतून शिधा गोळा करायचाय, यादी तपासून द्या (कोल्हापूर)

शाळासमिती_करवीर
१७ जून, सकाळी ९:४०

नमस्कार. शाळा सुरू झाल्यात, पालकसभा येत्या शनिवारी आहे. त्याआधी एक गोष्ट पक्की करायचीय म्हणून धागा काढतेय.

शाळेपासून पायी दहा मिनिटांच्या आत एकटे किंवा नवरा-बायको दोघंच राहणारे साधारण साठ वृद्ध आहेत. बहुतेकांच्या दारात पुराचं पाणी येत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोरड्या पेठांनीही पूर भोगला. महामार्ग शिरोलीजवळ बंद, म्हणून दूध-भाजीच्या गाड्या बंद. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्याखाली, म्हणून नळ कोरडे. तरणी माणसं टँकरमागे घागरी घेऊन पळतात, दुकानापुढे रांग धरतात. ऐंशीच्या आजींनी काय करायचं?

प्रत्येक घराने एक जिन्नस द्यायचा, शाळेत बादल्या भरायच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी पोचवायच्या, असा विचार आहे. माझी कच्ची यादी: तांदूळ २ किलो, तूरडाळ अर्धा किलो, तेल अर्धा लिटर, मीठ, तिखट, साखर, चहा पावडर, दोन बिस्किटपुडे, फरसाण, लोणचं, मेणबत्त्या, काडेपेटी.

चुकलं असेल तर आत्ताच सांगा. सभेत यादी एकदा वाटली की बदलता येत नाही.

डाळंगूळ
१७ जून, सकाळी १०:२५

ताई, विचार सोन्यासारखा आहे, पण ही यादी महिन्याच्या किराण्याची झाली. आणीबाणीची यादी वेगळी असते.

तांदूळ-डाळीला काय काय लागतं ते मोजा. धुवायला पाणी, शिजवायला पाणी, कुकर घासायला पाणी, गॅस आणि अर्धा तास उभं राहण्याची ताकद. पुरात यातलं नेमकं पाणीच नसतं. सिलेंडर संपला तर दुसरा कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून पहिले तीन दिवस चूल न पेटवता पोट भरेल असंच द्या. तांदूळ त्यांच्या डब्यात असतोच.

माझ्या मते एका माणसाला हे द्यावं:

जाडे पोहे ५०० ग्रॅम, सातूचं पीठ ५०० ग्रॅम, डाळं २०० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम, दूध पावडर २०० ग्रॅम आणि मारीसारखी साधी बिस्किटं दोन पुडे. सगळं मिळून दोन-सव्वादोन किलो भरतं आणि साधारण सात हजार कॅलरी होतात. वयस्कर माणसाला दिवसाला सोळाशे धरल्या तरी तीन दिवस निघून चौथाही निघतो.

पोहे जाडेच घ्या. पातळ पोह्यांचा पुडा फुगीर असतो, जागा खातो आणि भिजवले की लगेच चिखल होतो. जाडे पोहे वाटीभर घेऊन अर्धी वाटी पिण्याचं पाणी शिंपडायचं, झाकून दहा मिनिटं ठेवायचं. रोवळीत घालून धुवायला जाऊ नका, त्यात तिप्पट पाणी जातं. वरून दूध-गूळ नाहीतर डाळ्याची पूड.

सातूचं पीठ घेताना पुड्यावर काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडचं सातू म्हणजे भाजलेले गहू आणि डाळं. हल्ली मिळणारं उत्तरेकडचं सत्तू नुसत्या हरभऱ्याचं असतं, सवय नसलेल्याला त्याने गॅस धरतो. आपलं सातू दोन मोठे चमचे, पेलाभर दूध किंवा पाणी, गुळाचा खडा. हलवलं की तयार, आणि चावावं लागत नाही.

गुळाची मोठी ढेप फोडून वाटू नका. पावसाळ्यात उघडा गूळ पाझरतो आणि शेजारचा पोह्यांचा पुडाही चिकट करतो. लहान सीलबंद पॅक घ्या. शेंगदाण्याचा कूट तर अजिबात नको. दमट हवेत महिन्याभरात खवट होतो, आणि खवटपणा म्हाताऱ्या माणसाच्या नाकाला लवकर कळत नाही.

नर्सताई
१७ जून, दुपारी १:१५

डाळंगूळ दादांच्या यादीला माझा होकार. फरसाण, लोणचं, पापड, मसाला नूडल्स यांच्यावर मात्र काट मारा. एक तर रक्तदाबवाल्यांना मीठ नको. दुसरं म्हणजे खारट खाल्लं की तहान लागते, आणि त्या दिवसांत पाणीच मोजून असतं.

मधुमेहींच्या बादल्या वेगळ्या करा. साठ घरांत त्यांची संख्या लक्षणीय निघेल, आधी विचारून घ्या. त्यांच्या बादलीतून गुळाचा पॅक काढा, त्याऐवजी डाळ्याचा आणखी एक पुडा घाला. बिस्किटं एकच पुडा, आणि पोहे एका वेळी वाटीभरच अशी चिठ्ठी लावा. पण गोड पूर्ण काढू नका. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असताना खाणं हुकलं तर साखर एकदम खाली येते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी लागते. म्हणून साखरेची ५० ग्रॅमची पुडी प्रत्येक मधुमेही बादलीत हवीच. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा: «चक्कर, घाम आला तरच».

दूध पावडर आणताना पालकांची हमखास चूक होते. शेजारच्या फळीवर डेअरी व्हाइटनर असतं आणि पाकीट सारखंच दिसतं. त्यात बहुधा साखर मिसळलेली असते. घटकांच्या यादीत साखर आहे का, हे पाहूनच घ्यायला सांगा.

किडनीचा आजार असलेल्यांना हे काहीच परस्पर देऊ नका. दूध, डाळं, गूळ, सगळ्याचं प्रमाण त्यांना डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. घरच्यांना फोन करून विचारा आणि त्यांची बादली त्याप्रमाणे भरा.

औषधं शाळेत गोळा करायची नाहीत, उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या तर नाहीच नाही. बादलीत एक रिकामी झिपची पिशवी आणि एक छापील कागद ठेवा: औषधाचं नाव, किती, कधी, डॉक्टरांचा फोन, मुलाचा किंवा मुलीचा फोन. कागद भरायला मदत करा आणि किमान सात दिवसांच्या गोळ्या त्या पिशवीत काढून ठेवायला सांगा. चालू असलेली इन्सुलिनची बाटली फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालते, नेमकं लेबलवर दिलेलं असतं. वीज गेली म्हणून घाबरून फेकायची गरज नाही. न उघडलेली बाटली छोट्या डब्यात घालून तो डबा ओल्या मडक्यात ठेवावा.

जलसंजीवनीच्या दोन पुड्या ठेवा. एक पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, पेल्यात अर्धी-अर्धी करून नाही. आणि ती जुलाब-उलटी झाली तरच घ्यायची.

आजोबा_७८
१७ जून, सायंकाळी ५:५०

पुडा उघडणार कोण, याचा विचार यादीत दिसला नाही म्हणून लिहितो.

जाड प्लॅस्टिकचा पुडा संधिवाताच्या बोटांनी फाटत नाही. दात लावायचा तर दात कवळीचे. कात्री स्वयंपाकघरात असते, पण अंधारात सापडत नाही. म्हणून प्रत्येक बादलीच्या कडीला सुतळीने एक बोथट टोकाची छोटी कात्री बांधा. शाळेत हस्तकलेला वापरतात तीच.

पाण्याच्या सीलबंद बाटलीचं पहिलं झाकण फिरवणं सगळ्यांत अवघड. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा झाकणावर धरला की पकड बसते आणि मनगटावर ताण येत नाही. सायकल दुकानात असे तुकडे फुकट मिळतात. धुऊन, वाळवून एक-एक ठेवा.

बादलीचं झाकण घट्ट बसणारं हवं, पण चारी बाजूंनी अंगठ्याने दाबून उघडावं लागतं तसं नको. ज्याची एक कड ओठासारखी बाहेर आलेली असते आणि तिथून ओढलं की सुटतं, तसं पाहा. दुकानात घेताना पालकाने नव्हे, आजीने उघडून बघावं.

बादली माळ्यावर ठेवू नये. स्टुलावर चढून पडणं हे पुरापेक्षा वाईट. खाटेखालीही नको, वाकून ओढता येत नाही. कमरेच्या उंचीच्या फळीवर किंवा टेबलावर ठेवावी. भरलेली बादली तीन किलोच्या वर जाऊ देऊ नका.

राजगिऱ्याचे लाडू चालतील, तोंडात विरघळतात. चिक्की आणि सालाचे फुटाणे नकोत.

पेठेतला_दादा
१७ जून, रात्री ९:०५

काका, ट्यूबचं लई भारी सांगितलंसा. आमच्या तालमीत सायकलवाली पोरं हायत, साठ तुकडं कापून आणून देतो.

आता पाण्याचं बगा. एका माणसाला नुसतं प्यायला नि पोहे-दूध भिजवायला रोज तीन लिटर लागतंय. तीन दिवसाचं नऊ लिटर झालं. साठ घराला ५४० बाटल्या. शाळेत रचायच्या कुटं, वाहायच्या कुणी आनि जिन्यानं वर न्यायच्या कशा? तेवढ्या बाटल्यांच्या नादाला लागू नका. एक लिटरच्या सीलबंद तीन बाटल्या प्रत्येकी द्या, त्या वेगळ्या कापडी पिशवीत, बादलीत न्हाई. आनि पाच लिटरचा रिकामा कॅन दोन-दोन द्या, तोटी असलेला मिळाला तर झकास. तोटीचा कॅन ओट्याच्या कडंला ठेवला की उचलायचाच न्हाई, खाली पेला धरायचा.

कॅन कवा भरायचा ते ठरवून ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज सगळीकडं येतीया. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात पोराटोरालाबी पाठ हाय. पण ३९ ची वाट बघू नका. गगनबावडा, राधानगरीकडं पाऊस थांबत नसंल आनि पातळी ३५ च्या पुढं चढतच असंल तर त्याच दिवशी कॅन भरून घ्यायचं. नळाला दाब हाय तोवर. केंद्र पाण्यात गेल्यावर भरायला काय मिळणार?

काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइन आली म्हणून कॅन नकोत असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, अपार्टमेंटच्या खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायला वीज लागतीया. वीज गेली की चौथ्या मजल्यावरच्या आजीचा नळ कोरडाच.

टँकरचं पाणी गढूळ दिसलं तर आधी चारपदरी सुती कापडानं गाळायचं. मग मेडिक्लोरचं (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या औषधाचं) थेंब बाटलीवर लिहिल्यात तेवढंच टाकायचं आनि अर्धा तास थांबायचं. गाळायच्या आधी थेंब टाकलं तर औषध गाळातच खपून जातंय, जंतू तसंच ऱ्हातात. पाण्याचा थोडा वास येतोय म्हणून आजी वततील, त्यांना आधीच सांगून ठेवा की वास येणं चांगलं हाय.

सहावी_ब
१८ जून, सकाळी ७:२०

शाळेच्या बाजूने काही गोष्टी.

«जे जमेल ते आणा» असं कधीही म्हणू नका. दोनशे बिस्किटपुडे येतात आणि दूध पावडर चार घरांतून येते. एका इयत्तेला एकच जिन्नस द्या. साठ बादल्या आणि सहा जिन्नस म्हणजे ३६० पुडे. दोन तुकड्या मिळून साठेक मुलं होतात, म्हणजे एका घरामागे एक पुडा. पहिली-दुसरीकडे हलकं द्या, बिस्किटं वगैरे. बिस्किटं दोन पुडे लागतात, पण ती लहान मुलांची घरं आनंदाने दोन देतात. दूध पावडर महाग पडते, ती नववी-दहावीला द्या आणि दोन घरांत मिळून एक आणली तरी चालेल असं स्पष्ट लिहा. दहावीच्या पालकांवर शिकवणीचा भार असतोच. कमी पडेल ते समितीने विकत घ्यावं. प्रत्येक जिन्नस साठऐवजी सहासष्ट येईल असं बघा. काही पुडे फाटके निघतात, काहींची मुदत जवळची असते.

मुदतीचा घोळ सगळ्यांत मोठा. पोहे-पिठाच्या पुड्यावर कित्येकदा शेवटची तारीख नसतेच. पॅक केल्याचा महिना असतो आणि पुढे «चार महिन्यांपर्यंत उत्तम» असं बारीक लिहिलेलं असतं. पालक पॅकिंगचा महिना बघून नवा माल समजतात. मार्चमध्ये पॅक केलेले पोहे जुलैत संपले! आपला नियम सरळ ठेवा: ३१ ऑक्टोबरच्या आत मुदत संपणारं काहीही घ्यायचं नाही. आठवी-नववीच्या चार मुलांचं एक टेबल लावा. पुडा आला की त्यांनी हिशेब करून शेवटचा महिना काळ्या मार्करने बोटभर उंचीच्या आकड्यांत लिहायचा. म्हाताऱ्यांनाही तेच वाचता येतं, आणि मुलांचं महिन्यांचं गणित पक्कं होतं.

पुडा फोडून दुसऱ्या पिशवीत भरायचा नाही. मोठं पोतं आणून वर्गात वजन करून वाटायचं तर नाहीच. सील गेलं की तारीख गेली आणि जबाबदारी शाळेवर आली. घरी केलेले लाडू-चिवडाही याच कारणाने नाही, देणाऱ्याचं मन कितीही मोठं असलं तरी.

कीड: पोहे आणि सातू यांत अंडी कारखान्यातूनच आलेली असू शकतात, दमट हवेत ती फुटतात. ज्यांच्या घरी फ्रीजर आहे त्यांनी सीलबंद पुडा चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग आणावा. बाहेर काढल्यावर पुसून पूर्ण दिवसभर तसाच ठेवायचा. गार पुडा तसाच बादलीत गेला तर बाहेर पाणी सुटतं आणि शेजारची बिस्किटं सादळतात.

शालेय पोषण आहाराच्या तांदळाला किंवा डाळीला यात हात लावायचा नाही. त्याचा साठा आणि नोंदवही वेगळी असते. गोळा केलेला शिधाही त्या खोलीत ठेवू नका, तपासणीत घोटाळा होतो. ग्रंथालयातलं एक कपाट रिकामं करा. आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव इतिवृत्तात आधी घ्या. रोख रक्कम कुणाकडूनही न स्वीकारणं उत्तम.

शाळासमिती_करवीर
१८ जून, दुपारी १२:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तांदूळ, डाळ, तेल, फरसाण, लोणचं काढलं. मेणबत्तीचं काय करू? आणि साठ घरांची यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर वाटप सोपं जाईल असं काही पालक म्हणताहेत.

नर्सताई
१८ जून, दुपारी १२:५५

यादी ग्रुपवर टाकू नका!! «या घरात म्हातारी बाई एकटी राहते, मुलगा परदेशी» ही माहिती चोराला आयती मिळते. ग्रुपमधला फोटो पुढे कुठे जातो ते कुणाच्या हातात नसतं. यादी कागदावर, एकाच शिक्षकांकडे. वाटपाला जाणाऱ्या एका पालक-मूल जोडीला फक्त त्यांच्या गल्लीतली तीन-चार घरं सांगायची. बादलीवर नाव नाही, नुसता क्रमांक. आजाराची माहिती तर अजून जपून: मधुमेही बादलीला हिरवी फीत बांधा, वर «मधुमेह» लिहू नका.

मेणबत्ती नको. हात थरथरतो, गादी-मच्छरदाणी शेजारी असते. बटणाची साधी टॉर्च द्या. सेल आत घालून ठेवू नका, दमट हवेत गळून टॉर्च खराब करतात. टॉर्चला रबरबँडने बांधून ठेवा. पातळी ३५ फुटांपुढे गेली की प्रत्येक घरी फोन करा आणि तेव्हा घालायला सांगा.

अगरबत्ती, साबण, डासांची कॉइल, डांबरगोळ्या यातलं काही बादलीत घालू नका. पोहे आणि पीठ वास ओढून घेतात. मग ते कुणी खात नाही.

शुक्रवार_पेठ
१८ जून, दुपारी ३:४०

ज्या महिन्यांत पूर येतो त्याच महिन्यांत आषाढी, श्रावणी सोमवार आणि चातुर्मास असतो. हे धरूनच चला. उपासाला पोहे-सातू-बिस्किटं चालत नाहीत आणि म्हातारी माणसं पुरातही उपास मोडत नाहीत. साबुदाणा भिजवायला वेळ आणि शिजवायला गॅस लागतो, म्हणून राजगिऱ्याच्या लाडवांचा एक पुडा आणि थोडा खजूर पुरेसा होतो. बिया काढलेला खजूर घ्या.

आपल्याकडे जैन घरं भरपूर आहेत. नियमाने राहणारे लोक सूर्यास्तानंतर खात नाहीत, चातुर्मासात उकळलेलंच पाणी घेतात आणि पावसाळ्यात पिठाची मर्यादा अगदी थोड्या दिवसांची पाळतात. महिनाभरापूर्वी दळलेलं सातू ते तोंडातही घालणार नाहीत. त्यामुळे अशा घरी बादली भरून नेण्याआधी «तुम्हाला काय चालतं?» एवढं विचारून या. सातूऐवजी अख्खं डाळं आणि दुधाचा वाढीव पुडा देता येईल.

रमणमळा
१८ जून, रात्री ८:१०

ज्यांच्या घरात पाणी येतं त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीचा खालचा भाग, नागाळा पार्क-रमणमळ्याची नदीकडची बाजू, जयंती नाल्याच्या काठची घरं.

इथे बादली दिली की एक धोका असतो. «खायला आहे की घरात, कशाला बाहेर पडायचं» असं म्हणून वयस्कर मंडळी वरच्या खोलीत बसून राहतात. मग पाणी चढल्यावर नावेने, दोरीने काढावं लागतं. गुडघे धरलेल्या माणसाला नावेत उतरवणं किती कठीण असतं ते आपत्तीत काम केलेल्या कुणालाही विचारा. म्हणून झाकणावरच मोठ्या अक्षरात चिकटवा: «घर सोडा म्हटलं की ही बादली घेऊन लगेच निघायचं.» निवारा केंद्रात जेवण मिळतं, पण पहिल्या रात्री पोचायला उशीर होतो आणि पथ्याचं मिळेलच असं नाही. बादली तिथे कामाला येते.

कुठली घरं खालची, हे ठरवायला नकाशा नको. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर आहेत, काहींनी रंगाने रेघ मारून तारीख लिहिलीय. त्या रेघेखाली ज्यांचं घर, त्यांची यादी वेगळी करा. त्यांना पाच लिटरचे कॅन देऊ नका, नुसती बादली आणि तीन बाटल्या द्या. कोणाच्या घरी जायचं, रिक्षा कोण आणणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

पुराचं पाणी लागलेला पुडा सीलबंद दिसला तरी टाकून द्यायचा. प्लॅस्टिकच्या शिवणीतून पाणी आत झिरपतं, आणि त्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं. पुसून, उन्हात वाळवून खायचं नाही. आजी-आजोबांना अन्न टाकवत नाही, म्हणून हे त्यांच्याशी बोलूनच पटवावं लागतं. कागदावर लिहिलेलं या एका बाबतीत पुरत नाही.

पेठेतला_दादा
१८ जून, रात्री ९:३०

रमणमळा दादांचं शंभर टक्के बरोबर. पिशवीऐवजी बादलीच का, ते पालकांना सांगा. पाणी चढलं की बिळातनं उंदीर-घुशी वर घरात येत्यात, कापडी पिशवी रात्रीत कुरतडत्यात. आनि शिधा संपला की तीच दहा लिटरची बादली टँकरला लावायला व्हती.

आजोबा_७८
१९ जून, सकाळी ६:४५

द्यायला कसं जावं, हे थोडं सांगतो.

दुपारी दोन ते चार जाऊ नये. सायंकाळी पाच-साडेपाचला उजेड असताना जावं. पालक, मूल आणि त्या गल्लीतलं ओळखीचं एक माणूस. अनोळखी माणसांना दार उघडू नका असं मुलांनी फोनवर बजावलेलं असतं, त्यामुळे ओळखीचा चेहरा पुढे हवा. शाळेचा शिक्का असलेलं पत्र बरोबर असावं. सही, अंगठा, आधार कार्ड काही मागू नये.

फोटो काढू नये. बॅनर नको, पाहुणे नकोत. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याला दिलं त्यांना हातात शिधा घेऊन उभं राहायला लावलं तर ते पुढच्या वर्षी दार उघडणार नाहीत. «दान», «मदत» हे शब्द टाळा. «शाळेची पावसाळी बादली आहे, तुमच्या घरी ठेवायची आहे» एवढं पुरे.

मुलाने आतला कागद मोठ्याने वाचून दाखवावा. काय आहे, कसं खायचं, फोन कोण करणार. कागदावरची अक्षरं पाठ्यपुस्तकातल्या धड्याच्या शीर्षकाएवढी हवीत, काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर. रंगीत कागदावर आम्हाला वाचता येत नाही.

शाळासमिती_करवीर
१९ जून, दुपारी २:१०

आता हे असं ठरवतेय, चुकलं तर टोका.

सभा शनिवारी. इयत्तावार चिठ्ठ्या त्याच दिवशी. जिन्नस २४ ते २८ जून, रोज प्रार्थनेनंतर अर्धा तास, मार्करचं टेबल ग्रंथालयाबाहेर. दरम्यान गल्लीनिहाय जोड्या घरी जाऊन पथ्य, उपास, पुराची रेघ विचारून येतील आणि दोघं राहत असतील तर दोन बादल्या धरतील. ३० जूनला भरणं. १ ते ५ जुलै वाटप.

बादलीत: पोहे, सातू, डाळं, गूळ, दूध पावडर, बिस्किटं, राजगिरा लाडू, खजूर, जलसंजीवनीच्या दोन पुड्या, मेडिक्लोरची छोटी बाटली, टॉर्च-सेल, औषधांची पिशवी आणि कागद, ट्यूबचा तुकडा, कडीला कात्री. बाहेर तीन बाटल्या, दोन कॅन. कागदावर खाली तीन नंबर: १०८ रुग्णवाहिका, ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही लिहितेय.

पातळी ३५ च्या पुढे गेली की प्रत्येक जोडी आपल्या तीन-चार घरांना फोन करेल आणि पालक स्वतः जाऊन कॅन भरून देतील.

नर्सताई
१९ जून, दुपारी २:४०

मेडिक्लोरची बाटली जलसंजीवनी आणि औषधांच्या पिशवीत ठेवू नका. डोळ्यांच्या थेंबांची बाटली अगदी तशीच दिसते, अंधारात गल्लत होईल. कॅनच्या मुठीलाच दोऱ्याने बांधा, आणि वर लाल चिकटपट्टी लावा. मधुमेही बादल्यांच्या खजुराचं काय केलंत? तो काढा, लाडूही दोनच ठेवा.

शाळासमिती_करवीर
१९ जून, दुपारी २:५५

बरं झालं सांगितलंत. दोन्ही बदललं. पूर आलाच नाही तर बादल्या परत घ्यायच्या का, एवढंच राहिलं.

सहावी_ब
१९ जून, दुपारी ३:३०

परत घेऊ नका. घरोघरी पडून राहिलेला पुडा पुन्हा कुणाला देता येत नाही. नवरात्र बसलं की तीच जोडी पुन्हा जाईल आणि सांगेल, «आता हे खाऊन टाका, बादली आणि कॅन जपून ठेवा.» दिवाळीच्या सुट्टीआधी हे उरकायचं. मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंतची ठेवली ती त्याचसाठी. त्या भेटीत टॉर्चचे सेल काढून घ्या, औषधांचा कागद जुना झाला असेल तर नवा लिहा आणि काय खाल्लं गेलं, काय तसंच राहिलं ते वहीत मांडा. पुढच्या जूनची यादी त्या वहीतूनच निघेल.

पेठेतला_दादा
१९ जून, सायंकाळी ६:००

ट्यूबचं तुकडं कापून झालं. साठ न्हाई, सत्तर हायत. उद्या सकाळी प्रार्थनेच्या वक्ताला शाळेत पोच करतो. धुतल्यात, पण रबराचा वास हाय अजून. दोन दिवस उघड्यावर टाका, मगच बादलीत घाला.